घरी की दवाखान्यात? माझ्या दुसऱ्या बाळंतपणाची गोष्ट, ताई कार्डापासून दाखल्यापर्यंत

पोरगी सहा महिन्यांची झाली, आता रात्री एका दमात चार तास झोपते, म्हणून हे लिहायला बसलेय. मधल्या काळात दोन मैत्रिणींनी आणि एका चुलत जावेनं फोन करून हेच विचारलं की तू घरीच करणार होतीस म्हणे, मग काय झालं, आणि प्रत्येकीला सांगता सांगता माझी भाजी करपायची, तर एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं जंगलाच्या कडेला आमचं गाव. नवरा गोव्यात कंपनीत, शनिवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी चोर्ला घाटानं परत. घरात सासू-सासरे, आजेसासू आणि माझा मोठा मुलगा. माहेर चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रात. हे सांगायचं कारण पुढं येईलच.

घरी करायचं डोक्यात का आलं ते आधी सांगते. पहिला मुलगा नोव्हेंबर 2020 चा, कोरोनातला. बेळगावातला एक खाजगी दवाखाना, नाव घेत नाही. आईला गेटवरच थांबवलं आणि मी आत चौदा तास एकटी. सलाईनमधनं कळा वाढवायचं औषध, पाय वर, पाणी मागितलं की "आत्ता नको", आणि मी ओरडले तेव्हा एक बाई म्हणाली "तेव्हा बरं ओरडली नाहीस". कापणार आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, टाके पडलेत हे मला दुसऱ्या दिवशी बसायला गेल्यावर कळलं. बिल 41 हजार. बाळ चांगलं, मी चांगली, मग तक्रार कशाची करायची, असं सगळ्यांचं म्हणणं. मी पुढं वर्ष-दीड वर्ष बेळगावला गेले की त्या रस्त्यानं रिक्षा नेऊ द्यायची नाही, लांबनं वळसा.

डिसेंबर 2023 मध्ये परत पट्टीवर दोन रेघा आल्या. पाळी 15 ऑक्टोबरची, तारीख निघाली 22 जुलै. सासूबाई पहिलं वाक्य काय म्हणाल्या तर "जुलै? भर पावसात?" कारण आमच्या घरापासून डांबरी रस्ता दीड किलोमीटर, मध्ये ओढा, त्याच्यावर साकव, आणि जुलैत ओढ्याला पाणी आलं की साकवावरनं माणूस जातो खरं गाडी नाही. मोबाईलला रेंज पाहिजे तर मागच्या माळावर चढायचं. पावसाळ्यात आमच्या भागातल्या कुठल्या ना कुठल्या गावातनं आजारी माणसाला बाजल्यावर घालून चिखलातनं आणल्याची बातमी येतेच, त्यामुळं त्यांचं घाबरणं काही उगाच नव्हतं.

जानेवारीत आशाताई घरी आल्या आणि ताई कार्डासाठी, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीच्या सरकारी कार्डासाठी, नाव लिहून नेलं. (कन्नडात तायी म्हणजे आई, मला लग्न होऊन आल्यावर बरेच दिवस वाटायचं की हे आशाताईंचंच कार्ड.) ह्या कार्डावर एक लांबलचक आरसीएच नंबर असतो, त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण पुढं जन्माचा दाखला, जननी सुरक्षा आणि मातृवंदना ह्या बाळंतिणीला पैसे देणाऱ्या योजना, सगळीकडं तोच मागतात आणि कार्ड स्वतः कायम दुसऱ्याच पिशवीत असतं. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, नवऱ्याचं आधार, ह्या सगळ्याच्या झेरॉक्स दोन-दोन प्रती. माझं आधार अजून माहेरच्या पत्त्यावर होतं. त्यामुळं शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना एसटी फुकट आणि माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंना शून्य रुपयाचं तिकीट, आणि मी पोटुशी बाई पूर्ण पैसे मोजून. आधार सेंटरला 50 रुपये आणि अख्खी सकाळ घालवून पत्ता बदलला तेव्हा ते सुटलं. सीमाभागात सून होऊन आलेल्यांनी हे काम पहिल्यांदा करा, बाकी सगळं नंतर.

चंदगडला माहेरी जाऊन बाळंत व्हायचा पण विचार झाला. तिथं सगळे मराठी बोलतात, कागद मराठीत, आई जवळ. खरं इकडचं कार्ड तिकडं चालेल का, पैसे कुठल्या खात्यातनं येतील, असं विचारलं की दोन्हीकडं "विचारून सांगतो", आणि मोठ्याला अंगणवाडीतनं काढून न्यायचं का हा प्रश्न. तो विचार फेब्रुवारीतच मागं पडला.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टर स्वतः बघतात. फेब्रुवारी, मार्च गेले. 9 एप्रिलला नेमका पाडवा, आशाताईंनी आदल्या दिवशी सांगितलं म्हणून हेलपाटा वाचला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला जाऊन मोठं स्कॅन केलं, 1600 रुपये, ते सासूबाईंनी त्यांच्या गृहलक्ष्मीच्या (घरातल्या कर्त्या बाईला कर्नाटक सरकार महिन्याला देतं त्या) 2000 मधनं दिले आणि वर उरलेल्यात मोठ्याला चप्पल. स्कॅनच्या आधी एफ फॉर्म भरून घेतात, मुलगा की मुलगी जाणून घ्यायचं नाही अशी सही करावी लागते, आधार ओरिजिनल न्या.

ह्या सगळ्या काळात मी मनातनं घरीच करायचं ठरवून टाकलं होतं आणि घरात कुणाला बोलले नव्हते. आजेसासूला सोडून.

आज्जी आता चौऱ्याऐंशीच्या आसपास. आमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांत तिच्या हातची माणसं शोधायला लागत नाहीत, माझा नवरा तिच्याच हातचा. पलंगाखाली तिची एक ॲल्युमिनियमची पेटी आहे, फार पूर्वी सरकारनं सुईणींना ट्रेनिंग दिलं तेव्हा मिळालेली. एका दुपारी तिनं ती माझ्यासाठी उघडली. आत एक वाकडी कात्री, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ पिवळं पडलेलं, प्लॅस्टिकची साबणाची डबी, आणि नखं घासायचा छोटा ब्रश, त्याचे केस एका बाजूला झुकलेले. ती म्हणाली ट्रेनिंगच्या आधी आम्ही बांबूच्या कामटीनं नाळ कापायचो, ट्रेनिंगला गेल्यावर बाईनं पहिल्या दिवशी फक्त हात धुवायला शिकवलं, दिवसभर नुसते हात धुतले, मला वाटलं ह्यांना येतंच काही नाही. मी विचारलं आज्जी, किती बाळंतपणं केलीस? तर म्हणाली मोजली नाहीत, दोनशेच्या वर. मग मी विचारलं त्यातली किती गेली. ती म्हणाली "दूध उतू जाऊलंय वाटतं" आणि उठली. चुलीवर दूध नव्हतं.

तरी पण ती तयार होती. "मी हाय की. दुसरं हाय तुझं, वाट मोकळी हाय, काय व्हतंय?" असं तिचं म्हणणं. मला पण तेच ऐकायचं होतं.

मग मी माळावर चढून मोबाईलवर वाचत बसायची. माझी एक मावसबहीण बेळगावात नर्सिंग करते, तिला मेसेज करून करून भंडावलं. तिनं मला इंग्लंडचा 2011 चा एक मोठा अभ्यास समजावला. त्यात पहिलटकरणींत घरी बाळंत होणाऱ्यांच्या बाळांना जास्त धोका निघाला, हजारात 9.3 बाळांना काहीतरी गंभीर, मोठ्या दवाखान्यात 5.3. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत घर आणि दवाखाना ह्यात फरकच निघाला नाही. मी आनंदानं उडाले. बघ म्हणलं, मी दुसऱ्या खेपेची. तर तिनं पुढचं वाचायला लावलं. त्या सगळ्या बायका कमी धोक्याच्या म्हणून आधीच निवडलेल्या, घरी येणारी मिडवाइफ शिकलेली, आणि तरीही दुसऱ्या खेपेवाल्यांतल्या शंभरात बाराजणींना मध्येच दवाखान्यात हलवावं लागलं. मी विचारलं कशानं हलवलं. "अ‍ॅम्ब्युलन्सनं," ती म्हणाली, "तुमच्या साकवावरनं येते का ती?"

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती मला माहीतच नव्हती आणि ती तर आपल्याच जिल्ह्यातली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी 2002 ते 2005 मध्ये जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बायकांचा अभ्यास केला, घरी नाहीतर उपकेंद्रात सिस्टरच्या हातनं बाळंत होणाऱ्या. बाळ झाल्या झाल्या निम्म्यांना रक्तस्राव रोखायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. साध्या गोळ्यावाल्यांत शंभरात 12 जणींना जास्त रक्तस्राव, औषधवाल्यांत 6.4. जगभर तो अभ्यास गाजला. रक्त मोजायला खाली घालायची प्लॅस्टिकची पिशवी पण तिथंच तयार केली, निमुळती, खाली आकडे लिहिलेली, कारण चादरीवर सांडलेलं रक्त नजरेनं बघितलं की नेहमी कमीच वाटतं. मला ह्यातली एकच गोष्ट डोक्यात बसली. शंभरात बाराजणी. आज्जीच्या दोनशेला हे लावून बघितलं आणि त्या दिवशी ती दूध बघायला का उठली ते कळलं.

तरी मी पूर्ण वळले नव्हते, खरं सांगते. कारण दवाखान्याबद्दलची भीती पण खोटी नव्हती. सिझरचे आकडे बघा, 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के, सरकारीत 14.3. ह्यात सरकारीतल्या अवघड केसेस वर पाठवतात वगैरे पण असेल, तरी एवढा फरक? आणि घरी बाळंत होणं हा काही गुन्हा नाही, तसा कायदा नाही. आशाताई पहिल्यांदा मला "पोलीस येतील" म्हणाल्या होत्या, ते काही खरं नाही. घरी झालं तर घरच्या कर्त्या माणसानं 21 दिवसांत जन्माची नोंद द्यायची एवढंच.

9 मेला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.6.

इथं गोष्ट बदलली. डॉक्टर बाई तरुण होत्या, हुबळीकडच्या, मराठी तोडकं. मी त्यांना पहिल्यांदा तोंडानं सांगितलं की मला घरी करायचंय. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं "याक?" म्हणजे का. मग मी तिथं त्या लाकडी स्टुलावर बसून 2020 चं सगळं सांगितलं, टाक्यांपर्यंत, मागं रांग लागलेली. त्यांनी मध्ये एकदा पण घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाल्या, अंगात रक्त भरपूर असेल तर थोडं गेलेलं शरीर सोसतं, 8.6 वाल्याला तेवढंच गेलेलं सोसत नाही. रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये ठेवायला लागतं, तुमच्याकडं जुलैत लाईट किती दिवस नसते? मी म्हणलं कधी कधी आठ दिवस. आणि मोठा रक्तस्राव झाला तर दोन तासांत बाई जाऊ शकते, तुम्ही दोन तासांत कुठपर्यंत पोचता? मी मनात मोजलं. माळावर पळून 108 ला फोन, बाजलं उचलणारी माणसं गोळा करणं, साकव, मग डांबरी रस्ता.

आणि मग त्यांनी जे विचारलं ते मला आधी कुणीच विचारलं नव्हतं. घर पाहिजे म्हणजे नक्की काय पाहिजे? मी विचार करून सांगितलं की एकटी नको. न विचारता कापायला नको. पडून राहायला नको. आणि बाळ लगेच जवळ पाहिजे. त्या म्हणाल्या ह्यातलं काहीच घराशिवाय मिळत नाही असं नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीबरोबर एक बाई आत राहू शकते, 2016 पासून केंद्र सरकारनं तसं सांगितलंय, फक्त ती स्वतः बाळंतपण झालेली पाहिजे, तिला काही संसर्ग नको, कपडे स्वच्छ, आणि मध्येच उठून जायचं नाही. तुम्ही आधी सांगून ठेवा, ऐन वेळी गेटवर भांडू नका.

तर आधी रक्त. 13 मेपासून एक दिवसाआड पाच वेळा आयर्न सुक्रोज, म्हणजे लोहाचं औषध, सलाईनमधनं, फुकट, फक्त जाण्या-येण्याचा दिवस मोडतो. जेवून जा, उपाशी गेलं की गरगरतं, मी पहिल्या दिवशी गेले आणि कॉटवरच आडवी झाले. लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या, त्या आणि कॅल्शियमच्या एकत्र घ्यायच्या नाहीत आणि गोळीवर चहा नाही. ही चहाची गोष्ट मला पहिल्या खेपेला कुणी सांगितली नव्हती, मी गोळी चहाबरोबरच गिळायची! अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेतनं गरोदर बायकांना दुपारचं गरम जेवण मिळतं, अंडं पण, ते मी लाजून जात नव्हते, मेपासून जायला लागले.

मग शेजारच्या डिग्रीला असलेल्या पोराकडनं वहीच्या पानावर कन्नडात चार ओळी लिहून घेतल्या. पहिली "नन्न जोते नम्म अत्ते इरली", माझ्याबरोबर माझी सासू असू दे. पुढं कापायच्या आधी सांगा, चालू द्या नाहीतर कुशीवर झोपू द्या, बाळ छातीवर ठेवा. पोरगं तिसरी ओळ लिहिताना कानापर्यंत लाल झालं. ते पान मी ताई कार्डात घडी घालून ठेवलं. जून महिन्यात खानापूरच्या सरकारी दवाखान्यात आधीच जाऊन नाव घातलं आणि ते पान दाखवलं. तिथल्या सिस्टरनं वाचलं, हसली, पहिल्या दोन ओळींवर बोट ठेवून "आयतु", म्हणजे ठीक आहे, म्हणाली, तिसरीवर "नोडोण", बघूया. सह्या-बिह्या काही नाही, पण चेहरा ओळखीचा झाला, आणि पुढं त्याचाच उपयोग झाला.

आज्जीला हे सांगितलं तेव्हा ती रुसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, माझ्या हातचा चहा पण घेतला नाही, सासूबाईंच्या हातचा घेतला. पेटी परत पलंगाखाली ढकलली.

मी 7 जुलैला खानापुरात नणंदेकडं, आमच्या अक्काकडं, राहायला आले. हे ह्या सगळ्यातलं सगळ्यात कामाचं पाऊल, माझं मत. घरी की दवाखान्यात ह्यावर मी पाच महिने डोकं खाल्लं आणि खरा प्रश्न रस्त्याचा होता. अक्काचं घर दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटं. दोन खोल्या, त्यांची माणसं चार, वर मी, माझा मोठा आणि सासूबाई. अवघडल्यासारखं होतंच. सोबत घरचे तांदूळ, नाचणी, तेलाचा डबा घेऊन गेलो, गॅसचे पैसे अक्का घेत नव्हती तर तिच्या पोरीच्या हातात दिले. ज्यांना कुणी जवळचं नाही त्यांनी भाड्याची खोली बघायला लागली तरी बघा, पावसाळ्यात तारीख असेल तर दहा-बारा दिवस आधी. 9 जुलैला हिमोग्लोबिन 10.4. मी तो कागद सासऱ्यांना फोटो काढून पाठवला जसा काही दहावीचा रिझल्ट.

17 जुलै, आषाढी एकादशी. पाऊस सकाळपासनं धो धो, शाळांना सुट्टी. सासूबाईंना उपास, मला नाही, खरं मी पण हौसेनं साबुदाण्याची खिचडी खाल्ली. चारच्या सुमारास कंबर भरून यायला लागली. पहिल्यांदा वाटलं साबुदाणा बाधला. सहापर्यंत घड्याळ लावून बघितलं, दहा मिनिटांनी, मग आठ. नवऱ्याला फोन लावला, तो म्हणाला घाटात दगड आल्यात म्हणे, बघतो, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. साडेनऊला निघालो, रिक्षा 100 रुपये, रात्रीचे म्हणून जास्त. पिशवीत काय काय ते लिहिते, सगळ्याजणी विचारतात: ताई कार्ड आणि सगळे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत (पाऊस!), आधार, पासबुक, जुनी धुतलेली सुती लुगडी फाडून केलेली फडकी, बाळाला टोपी आणि मोजे, पॅड, चमचा-वाटी, चार्जर, सुट्टे पैसे, टॉर्च.

आत गेल्यावर तपासून म्हणाले गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय. सिस्टर दुसरीच होती, वयस्कर, मराठी जवळजवळ नाहीच. मी वहीचं पान दिलं. तिनं चष्मा वर करून वाचलं, मग सासूबाईंकडं बघितलं, म्हणाली "अत्तेना?" आणि त्यांना स्वच्छ गाऊन आणि टोपी दिली. सासूबाईंची सगळी पोरं घरी झालेली, दवाखान्यातलं बाळंतपण त्यांनी कधी बघितलेलंच नाही. हिरवी टोपी घालून त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या होत्या. पण रात्रभर हलल्या नाहीत. कळ आली की तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं माझी कंबर दाबायची, कळ गेली की पाणी पाजायचं, आणि मध्ये मध्ये विठ्ठलाचं नाव, एकादशी होती ना. मी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, दोनला थकून कुशीवर झोपले, कुणी ओढून सरळ केलं नाही. सिस्टर दर थोड्या वेळानं यायची, बाळाचे ठोके ऐकायची, आणि एकच शब्द: "अंजब्याडवा". भिऊ नको बाई. चार तासांनी मला तो माझ्याच भाषेतला वाटायला लागला.

शेवटी सरळच झोपवलं, ती तिसरी ओळ अर्धीच पाळली गेली, आणि मला त्या वेळी काही फरक पडत नव्हता. पाच वाजून वीस मिनिटांनी मुलगी. कापलं नाही, थोडं फाटलं, दोन टाके, सांगून, सुन्न करून. सिस्टर "हेण्णु" म्हणाली आणि पोरगी तशीच ओली, कोमट, जड माझ्या छातीवर. डोक्याला खोबऱ्यासारखा वास. 2 किलो 900.

मग वार पडली आणि मला थंडी वाजायला लागली. सिस्टरचा चेहरा बदलला नाही, खरं हात भरभर चालायला लागले. माझ्या खाली तीच पिशवी होती, निमुळती, आकड्यांची, मी मावसबहिणीच्या तोंडनं ऐकलेली, ती मी डोळ्यानं बघितली. सिस्टरनं खाली वाकून आकडा वाचला आणि आत हाक मारली. एक जण पोटावर मूठ दाबून गर्भाशय चोळत होती, ते कळांपेक्षा जास्त दुखलं हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, दुसरीनं सलाईन लावलं, त्यात औषध. इंजेक्शन एक आधीच मांडीत दिलेलं. डॉक्टर आले. वीसेक मिनिटं असतील. सासूबाई बाळाला धरून भिंतीला टेकून उभ्या, तोंडातनं विठ्ठल पण बंद झालेला. मग थांबलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय 600 मिली. 500 च्या वर गेलं की जास्त धरतात. फार काही भयंकर नाही, रक्त चढवायला लागलं नाही, मोठ्या दवाखान्यात रोज होत असेल. सासऱ्यांनी नंतर सांगितलं की त्या रात्री ओढ्याचं पाणी साकवावरनं जात होतं आणि गावात तिसऱ्या दिवशी पण लाईट नव्हती. सासूबाईंनी हे ऐकलं आणि उठून भाकरी थापायला बसल्या, त्यावर आमच्या घरात परत कधी बोलणं झालेलं नाही.

48 तास ठेवून घेतलं. बाळाला बीसीजी, पोलिओचा थेंब, काविळीची लस, के व्हिटॅमिन. दवाखान्याचं बिल शून्य. माझा सगळ्याचा हिशोब मी लिहून ठेवला होता: स्कॅन, रिक्षा, बाहेरची दोन औषधं, आधार, झेरॉक्स, चहापाणी मिळून 3,940 रुपये. जननी सुरक्षाचे 700 खात्यावर आले, बीपीएल कार्ड असल्यामुळं, खातं आधारला जोडलेलं पाहिजे. सोडायला नगु-मगुची, म्हणजे बाळंतिणीला घरी पोचवायची सरकारी, गाडी मिळाली, ती अक्काच्या दारापर्यंत. गावी 2 ऑगस्टला गेलो, पाणी उतरल्यावर.

आज्जी दारात बसलेली. तांदूळ-पाणी ओवाळून टाकलं, बाळाला घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, टाळू बघितली, मांड्यांच्या घड्या बघितल्या. नाळ एव्हाना पडली होती, प्लॅस्टिकचा चिमटा सासूबाईंनी कागदात गुंडाळून आणलेला, तो तिला दाखवला. तिनं तो उघडून मिटवून बघितला, कट्‌ आवाज आला. "हे काय, कपड्याचा चिमटा?" म्हणाली. परत एकदा कट्‌ केलं. आणि मग माझ्याकडं वळून विचारलं "किती गेलं?" मी म्हणलं सहाशे. तिला मिली कळत नाही, मी तांब्या दाखवला, अर्ध्याच्या वरपर्यंत. तिनं मान हलवली आणि संध्याकाळी माझ्या हातचा चहा घेतला.

आता दाखल्याचं. दवाखान्यात जन्मलं की नोंद तेच करतात, नाव नसलं तरी चालतं, नाव वर्षभरात फुकट घालता येतं. आम्ही बारसं करून नाव घालायला गेलो. दाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो. कन्नडात आपल्यासारखा शेवटचा अ खात नाहीत, त्यामुळं गावकर कन्नडात बरोबर, आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी करताना शेवटी एक जादा ए. माझी पोरगी कागदावर गावकरा झाली, आणि बाप गावकर. घरी येऊन बघितलं. दुरुस्तीला अर्ज, आई-बापाचं आधार, ताई कार्डाची झेरॉक्स, बाँडवर अ‍ॅफिडेव्हिट, नोटरी धरून 300 रुपये, आणि तीन हेलपाटे, त्यातला एक नवऱ्याची सुट्टी मोडून. म्हणून काउंटरवरनं हलायच्या आधी स्क्रीन फिरवून दाखवा म्हणा, प्रिंट निघायच्या आधी स्पेलिंग बोट ठेवून वाचा, मागच्या माणसानं कितीही कुरकुर करू दे. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढं जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळ्याला जन्मतारखेचा हाच पुरावा, मग नंतर निस्तरत बसायला नको. मातृवंदनाचे दुसऱ्या खेपेला मुलगी असेल तर 6000 असतात, जन्मापासून 270 दिवसांत अर्ज जायला पाहिजे, अंगणवाडीच्या बाईंकडं आमचा गेलाय.

दुरुस्त केलेला दाखला डिसेंबरात आला. सासऱ्यांनी लॅमिनेशन करून आणला (करू नका म्हणे, नंतर शिक्का मारता येत नाही, खरं कोण सांगणार). आमच्या घरात सासरे, दोन्ही दीर आणि माझा नवरा, चौघांची जन्मतारीख 1 जून, कारण चौघं घरी झालेले, नोंद कुणी केली नाही आणि शाळेत घालताना मास्तरांनी लावली ती लावली. सासूबाईंनी तो दाखला मला वाचायला लावला. मी वाचलं, अठरा जुलै दोन हजार चोवीस. त्यांनी बोटावर काहीतरी मोजलं, परत मोजलं, आणि कपाळाला हात लावला.

"अगं म्हणजे पहिलीत घालायला एक वर्ष मागं पडली की ही. एक जून असतं तर बसली असती."